आमची बॅटरी कोण पितं?

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की मला माणसांचा संशय यायला लागतो. इतरांना या दिवसांत घामोळं येतं, मला संशय येतो. काल राजिवड्याचा उतार उतरून खाली आलो, तर खाडीवर पांढरं, डोळ्यांत घुसणारं ऊन पसरलेलं. नांगरलेल्या बोटींच्या केबिनवर सोलरच्या निळ्या पाट्या चमकत होत्या. मी तिथंच थांबलो आणि एकेका टपाकडे डोळे बारीक करून बघायला लागलो. कुणाची वायर कुठं गेलीय? कोण कुणाची वीज ओढतंय? नसीमा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "हे तुमचं दुखणं आहे. दर वर्षी उपटतं." तिला कितीदा सांगितलं की दुखणं नाही ते, अनुभव आहे. एका ऑक्टोबरात मी बोटीवर राहत होतो आणि आमची बॅटरी रोज कुणीतरी पीत होतं.

बोट माझी नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडे मासळी मागायला नको. बोट आमच्या याकूब दुलाभाईंची, माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची. बहिणीला आम्ही सगळे आपा म्हणतो. दुलाभाई जन्मभर तांडेल, बोटीवरचे मुख्य. त्या वर्षी पावसाळा संपून बोट पाण्यात उतरली आणि दोनचार फेऱ्यांतच इंजिन बसलं. मेस्त्रीनं ते जागच्या जागी उघडलं, अर्धं बोटीत ठेवलं आणि अर्धं एमआयडीसीतल्या आपल्या वर्कशॉपमध्ये नेलं. धक्क्याला चालत्या बोटींचीच रेटारेटी, तिथं आजारी बोटीला कोण उभं राहू देणार? म्हणून ती भाट्याच्या खाडीत, जराशी आत, नांगरून ठेवली.

लाकडी बोट झिरपते. तो तिचा स्वभाव आहे, त्यात तिचा दोष नाही. फळ्यांच्या सांध्यांतून थेंब थेंब पाणी तिच्या पोटात जमत राहतं. ते उपसायला खाली एक छोटा पंप असतो, पाणी वाढलं की आपोआप घरघरणारा. तो चालतो बॅटरीवर. एरवी इंजिन चाललं की बॅटरी भरते, पण इंजिनाचं अर्धं शरीर एमआयडीसीत. तेव्हा सगळा भार टपावरच्या एका सोलर पॅनेलवर. उन्हानं बॅटरी भरायची, बॅटरीनं पंप चालवायचा आणि पंपानं बोट तरंगती ठेवायची.

आणि बोटीनं दुलाभाईंना. आदल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं होतं. तेव्हापासून त्यांचा मुलगा इमरान कुवेतहून एकच धोशा लावून होता, बोट विका. आपाही त्याच्याच बाजूची. शेवटी फोनवर तह झाला. इंजिन दुरुस्त होईपर्यंत बोट सांभाळा, पण एकदा जरी पाणी इंजिनाला लागलं तर बोट विकायची आणि बावांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, घरी बसायचं. आणखी एक अट, बोटीवर एकटं झोपायचं नाही. दुलाभाई म्हणाले, "बरं." वाऱ्यात चार बोटी पलीकडे आवाज पोहोचवणारा हा माणूस इतक्या हळू 'बरं' म्हणू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सोबतीला झोपायला माझी नेमणूक झाली. कारण मी कुवेतला 'इलेक्ट्रिकलमध्ये' होतो. आता घरच्यांचा हा गैरसमज मी इतकी वर्षं कष्टानं जपलेला आहे. खरं सांगायचं तर मी इलेक्ट्रिकलच्या गोदामात होतो. कुठली वायर कुठल्या फळीवर आहे हे मला झोपेतही सांगता यायचं. तिच्यातून काय जातं आणि का जातं, ही चौकशी करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

बोटीवर राहणं म्हणजे काय, हे धक्क्यावरून कळत नाही. धक्क्यावरून बोट उभी दिसते. तिच्यावर राहिलं की कळतं, ती कधीच उभी नसते. भरती आली की नांगराभोवती हळूच वळते, ओहोटीला पुन्हा उलटी फिरते. आपण भाट्याच्या सुरूंकडे तोंड करून चहा घ्यायला बसतो आणि कप रिकामा होईस्तोवर समोर राजिवड्याची मशीद आलेली असते. ऑक्टोबरात खाडीचं पाणी निवळायला लागतं. दुपारी वारा पडतो. डांबर, डिझेल आणि जुन्या जाळ्यांचा वास उन्हानं फुगून वर येतो. आजही कुठं तापलेल्या डांबराचा वास आला की माझा हात आपोआप खिशातल्या टेस्टरकडे जातो. टेस्टर नसतो. तो मी त्याच महिन्यात खाडीत पाडला.

मी सकाळी किनाऱ्यावर जायचो, दिवसभर त्या मेस्त्रीच्या मागे लागायचो आणि सूर्य कलला की होडीनं परत यायचो. मेस्त्रीचं एकच उत्तर, "पार्ट हातखंब्यापर्यंत आलाय." तो पार्ट हातखंब्याच्या नाक्यावर इतके दिवस काय करत होता, चहा पीत होता की काय, हाही एक संशयच.

परत आलो की पहिलं काम, बॅटरीचा मीटर बघायचा. पहिल्या आठवड्यात काटा कसा भरल्या पोटासारखा उजवीकडे. मग तो रोज थोडा थोडा डावीकडे सरकायला लागला. ऊन तेच, पॅनेल तेच, पंप तोच. मी दुलाभाईंना म्हटलं, "कुणीतरी बॅटरी पितंय."

ते जाळ्याला टाके घालत होते. मान वर न करता म्हणाले, "बॅटरी म्हातारी झाली असेल. माणसासारखंच असतं तिचं."

मी काही मानलं नाही. ज्यानं विकली त्या दुकानदारावर पहिला संशय. त्यानं बॅटरी तपासून दिली, उत्तम होती. मग डोलकाठीच्या सावलीवर. एक अख्खा रविवार मी टपावर उकिडवं बसून सावली कुठून कुठं जाते ते बघितलं. ती सज्जनासारखी पॅनेलला वळसा घालून गेली. त्या रविवारी काटा अगदी उजवीकडे होता. याचा अर्थ मी असा काढला, की मी पहाऱ्याला असलो की चोर येत नाही.

मग कावळे. आमच्या पॅनेलवर रोज संध्याकाळी कावळ्यांची घाण. शेजारच्या बोटींवर नाही, फक्त आमच्या. कडेच्या पट्टीत गुलाबीसर, केसाएवढ्या मिशा अडकलेल्या. मी सगळं ओल्या फडक्यानं पुसायचो आणि कावळ्यांना शिव्या घालायचो. टपावर काळ्या पिशव्यांची झालर बांधली. दुलाभाई खालून बघत होते. म्हणाले, "लग्न आहे काय कुणाचं?"

दुलाभाईंवरही संशय घेऊन झाला. त्यांचा फोन रोज सकाळी पूर्ण भरलेला असायचा. मी चार्जर लपवला. त्यांनी फोन आपाबरोबर घरी पाठवायला सुरुवात केली. आपा दुपारी जेवणाचा डबा घेऊन होडीनं यायची, तिच्याबरोबर भरलेला फोन परत यायचा. काटा मात्र डावीकडेच.

राहिला दत्ताराम. दत्ताराम म्हणजे आमच्या बाजूला नांगरलेल्या बोटीचा मालक. चालत्या बोटीचा. मासळी उतरवली की आमच्या शेजारी येऊन थांबायचा आणि त्याच्या केबिनमध्ये दिवा असा लखलखायचा की आमच्या बोटीवर माझी सावली पडायची. एक दिवस मी कठड्याला टेकून, सहज विचारल्यासारखं विचारलं, "दत्ताराम, दिवा बराच उजळ आहे हो तुमचा."

"हाय ना," तो म्हणाला. "आमचं इंजिन चालतं वो शेट. तुमची बॅटरी बसलीय म्हणं? वायर टाकू काय हिकडनं? भरंल तासाभरात."

आता बघा, चोर जर स्वतःहून वायर टाकतो म्हणाला, तर शहाण्या माणसानं काय समजावं? मी म्हटलं, "नको, नको. आमचं बघतोय आम्ही."

"बगा बगा," दत्ताराम म्हणाला. मग त्यानं आमच्या टपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबून आत गेला. ते हसू माझ्या मनात घर करून बसलं. असा हसणारा माणूस निर्दोष असूच शकत नाही, असं मी दुलाभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "जेव आता. भाकरी निवतेय."

जेवण मात्र, देवाची कृपा, उत्तम होतं. आपाच्या डब्यातलं रात्रीसाठी उरवलेलं असायचं. तांदळाची भाकरी आणि कांदा, खोबरं, हिरवी मिरची घालून परतलेला सुका जवळा. ती बारीक, गुलाबी कोलंबी दाताखाली नुसती कुरकुरायची. बाजारचा जवळा असा नसतो, त्यात वाळूच फार. मी बोटं चाटत संशयितांची नावं पुन्हा पुन्हा फिरवायचो.

संशयाचं एक असतं. तो आला की माणसाला आपण हुशार झाल्यासारखं वाटतं. एरवी मी भाजीवाल्याकडूनही फसून येणारा माणूस. त्या दिवसांत मात्र मी चालायचोसुद्धा वेगळा, जरा तिरका, सगळ्यांच्या हातांकडे बघत. जगात कुणीच सरळ नाही हे कळल्याचा एक गुप्त आनंद चेहऱ्यावर. नसीमानं तेव्हा विचारलं होतं, "मान अवघडलीय का?"

मग एका सकाळी मी उठलो ते आवाजानं. पंपाचा नव्हे. छप, थांब, छप, थांब. खाली डोकावलो तर दुलाभाई गुडघ्याएवढ्या पाण्यात वाकून, कापलेल्या तेलाच्या डब्यानं पाणी भरत होते आणि बाहेर ओतत होते. बनियन पाठीला चिकटलेलं. पाणी इंजिनाच्या तळापासून जेमतेम दोन बोटं खाली. पंप मुका.

मी उडी मारून डबा हिसकावला. "दुलाभाई! डॉक्टरनं काय सांगितलंय तुम्हाला?"

"व्यायाम करायला सांगितलाय," ते म्हणाले आणि फळीवर बसून छातीला हात न लावता, हे मी मुद्दाम बघितलं, श्वास घेत राहिले. त्यांच्या तळहाताला घट्टे होते. जुने नव्हेत, नवे. म्हणजे हे आजचं नव्हतं.

पाणी उपसून मी वर आलो. नेमका इमरानचा फोन. "मामू, बोट सुकी आहे ना?"

"सुकी आहे," मी म्हटलं. माझे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते.

त्या दिवशी मेस्त्री वर्कशॉप बंद करून कुठं पाहुण्यांकडे गेलेला. मी चडफडत भर दुपारीच परत फिरलो. इतक्या दिवसांत दुपारी बोटीकडे जाण्याची ती माझी पहिलीच वेळ. खाडी काचेसारखी. होडीवाला वल्हं मारत होता आणि मी लांबून आमच्या बोटीकडे बघत होतो. काहीतरी चुकत होतं. सगळ्या टपांवर निळी पाटी, आमच्या टपावर गुलाबी.

जरा जवळ गेलो. पॅनेलवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकसारखा, हात फिरवून पसरलेला ताजा जवळा वाळत होता. माझ्या काळ्या पिशव्या सोडून नीट घडी करून ठेवलेल्या. त्याच्या बाजूला, डोक्यावर छत्री, हातात काठी, आमची आपा बसली होती. आणि टपाखालच्या सावलीत दुलाभाई.

पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो.

"कालचा करपला असता," आपा म्हणत होती. "इतकी तापते ही पाटी. माझ्या गच्चीवर दोन दिवस लागतात, इथं एका दुपारचं काम."

"मग. महागाची पाटी आहे," दुलाभाई म्हणाले.

"दत्तारामला सांगा, उद्या अजून एक टोपली द्या म्हणून. आणि ते तिकडं काय दिसतंय हो? सुरूंच्या मागं?"

"ते नव्हे, ते भाट्याचं वळण. वळण सुटलं की दर्या. थांब, ओहोटी लागली की बोट फिरेल, मग इथं बसूनच दिसेल तुला."

"फिरते काय बसल्या बसल्या?"

"फिरते."

मी होडीवाल्याला म्हटलं, "थांब जरा." त्यानं वल्हं पाण्यावर आडवं धरलं. तोही तिकडे बघत होता आणि त्याच्या तोंडावर ते दत्तारामचंच हसू. म्हणजे खाडीतल्या झाडून सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे बाईमाणूस मासेमारीच्या बोटीवर चढत नाही. का, ते कुणी विचारत नाही. आपाचं लग्न झाल्यापासून ती धक्क्यावर उभी राहिली, दुलाभाई पाठमोरे गेले, ती घरी आली, इतकंच तिला बोटीबद्दल ठाऊक. बोटीला ती 'ती' म्हणायची ते सवतीला म्हणावं तसं. पण इंजिन नसलेल्या बोटीला बोट कोण म्हणतं? ते पाण्यातलं घर. घरात डबा घेऊन यायला कुणाची हरकत असणार? आणि डबा देऊन लगेच निघून जायचं तर येण्याजाण्यात काय राम. पण जवळा वाळत घातला, की कावळे हाकायला दुपारभर बसावं लागतं.

मी होडी मागे वळवली. संध्याकाळी, रोजच्या वेळी, काही न पाहिल्यासारखा गेलो. मीटरकडे बघितलं नाही. दुलाभाईंना ते लगेच कळलं.

"आज बघितलं नाहीस?"

"दुपारी बघितलं," मी म्हटलं.

ते टाके घालायचे थांबले. म्हणाले, "पहिल्याच दिवशी ध्यानात आलं होतं माझ्या."

"मग सांगायचं ना तिला! नुसतं एवढंच, की आपा, पॅनेल सोडून कुठंही वाळव."

"बोटीवर दुसरं काय तापतं असं? सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं रे. म्हणाली असती, चुकलं माझं. दुसऱ्या दिवशी डबा आला असता होडीवाल्याबरोबर." त्यांनी सुई जाळ्यातून ओढून घेतली. "डबा आला असता, बशीर. ती आली नसती."

"आणि बोट बुडाली असती म्हणजे?"

"उपसतोय ना मी."

मी दत्तारामच्या बोटीकडे गेलो. म्हणजे कठड्यापर्यंतच गेलो, पण तेवढं अंतर त्या दिवशी फार वाटलं. घसा खाकरून म्हटलं, "दत्ताराम, ती वायर टाकणार होता ना तुम्ही…"

"आता विश्वास बसला काय आमच्यावर?"

"बसला."

"जवळा द्यायचा. भाजलेला. आमच्याकडनं ताजा नेता नि सुका दाखवत पण नाय तुमी!" वायर फेकता फेकता तो ओरडला, "नि त्या काळ्या पिशव्या काडा वो शेट, कावळे हसतात!"

तेव्हापासून रोज त्याची बोट आली की तासभर आमच्या बॅटरीत त्याच्या इंजिनाची वीज जायची आणि त्याच्या डब्यात आमचा जवळा. दुलाभाईंच्या हातातला तो पाणी उपसायचा डबा मी खाडीत फेकला. इंजिन सुकं राहिलं. हातखंब्याचा पार्टही अखेर चहा संपवून आला.

बोट चालू झाली तसा इमरानचा पुन्हा फोन. आता चालती आहे, आता विकणं सोपं, बावांनी पुरे करावं. आम्ही सगळे आपाच्या ओटीवर बसलो होतो, फोन मोठ्या आवाजावर. दुलाभाई तोंड उघडणार तोच मला वाटलं, आता पुन्हा ते 'बरं' ऐकावं लागणार. आपानं फोन ओढून घेतला.

"विकायची नाही."

"अम्मी? तूच तर म्हणत होतीस—"

"म्हणत होते. आता म्हणत नाही. जवळा कुठं वाळवू मी?"

"गच्चीवर वाळव ना!"

"गच्चीवर माकडं येतात."

"जवळा वाळवायला बोट ठेवायची काय अम्मी?"

"तू कुवेतला बसून माकडं हाकणार आहेस काय? मग गप."

आपाच्या गच्चीवर मी जन्मात माकड पाहिलेलं नाही. बागेत येतात, मागच्या वाडीत येतात, पण गच्चीवर? मी तेव्हाच दुलाभाईंकडे बघितलं. ते आपल्या तळहाताकडे बघत होते.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. बोट दर्यावर जाते. दुलाभाई स्वतः कमी जातात, खलाशी नेतात. शुक्रवारी आमच्या बोटी जात नाहीत, त्या दिवशी ती नांगरावर असते. म्हणजे पुन्हा घर. जुम्याची नमाज झाली की दुलाभाई आपाला होडीत बसवतात. खलाशी सुरुवातीला कुरकुरले होते, जवळा खाल्ल्यावर गप्प झाले.

काल शुक्रवारच होता. उतारावरून टप न्याहाळत होतो ते म्हणूनच. आमच्या टपावर मला दोन पाट्या दिसल्या. जुनी निळी आणि बाजूला नवी, जरा मोठी, गुलाबी. संशय आलाच. होडीनं गेलो. म्हटलं, "दुलाभाई, दुसरं पॅनेल घेतलंत? आता बॅटरी कधी उतरायची नाही."

"हो," ते म्हणाले. तेच, त्या 'बरं'सारखं हळू.

आता वायर बघितल्याशिवाय मला राहवतं का? जुन्या पॅनेलची वायर सरळ केबिनमध्ये, बॅटरीला. नव्याची टपाच्या कडेनं खाली उतरलेली, बाकाच्या मागे गेलेली. मी हात घालून चाचपत गेलो. मागे एका खिळ्याला ती नीट गुंडाळून टांगली होती, टोकाला काळी टेप मारलेली. ती कुठंच जात नव्हती.

"बश्या," वरून आवाज आला. आपा टपाच्या कडेवरून वाकून बघत होती. छत्री, काठी, सगळं तसंच. माझ्या हातात ते वेटोळं. तिनं एकदा पलीकडे, चहा ओतणाऱ्या दुलाभाईंकडे बघितलं आणि आवाज उतरवला.

"होती तशी टांग. मला ठाऊक आहे हे त्यांना कळलं, तर पुढच्या शुक्रवारी जोडून टाकतील. मग जवळा कुठं वाळवू मी?"

मी वायर होती तशी खिळ्याला टांगली. ओहोटी लागली होती. बोट हळूच फिरायला लागली आणि वर एक कावळा उतरला तशी आपा काठी घेऊन उठली.